धाकटीचं लक्ष

माझ्या धाकट्या बहिणीला मी बघायला शिकवायला लागलो तेव्हा ती सहावीत होती आणि मी डी.एड.च्या पहिल्या वर्षाला. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. गडमुडशिंगीत आमचं दोन खोल्यांचं घर. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. ते फौंड्रीत कामाला होते. आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायची. दारात एक म्हैस. मी रोज सायकलवरून कोल्हापुरात कॉलेजला जायचो आणि घरातला पहिला मास्तर होणार म्हणून जरा ताठच चालायचो.

धाकटी हुशार होती. पाढे, कविता, इतिहासातल्या सनावळ्या, एकदा वाचलं की पाठ. पण ती कशालाही धडकायची. पाण्याचा तांब्या लवंडायची, उंबऱ्याला ठेचकाळायची, वाळत घातलेल्या गव्हावरून चालत जायची. पौर्णिमेला संध्याकाळी विहारात वंदनेला गेलो की बसलेल्या बायकांच्या हातापायांवर हिचा पाय पडणार, हे ठरलेलंच. एकदा एका म्हातारीची बोटं तिच्या टाचेखाली आली. म्हातारी कळवळली आणि आईला म्हणाली, "पोरगी लई माजलीया तुझी. माणसं दिसंनात व्हय तिला?" आईनं तिथंच तिच्या पाठीत धपाटा घातला.

शाळेतनंही तेच यायचं. वर्गशिक्षक मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "डोकं आहे, पण लक्ष नाही. फळ्यावरचं उतरवून घेताना अर्धं सोडते. तू आता मास्तर होणार ना, तूच बघ."

संध्याकाळचं दूध डेअरीत घालायचं काम तिचं होतं. एका दिवेलागणीला गल्लीत भिंतीला टेकून कुणाची तरी सायकल उभी होती. धाकटी किटली घेऊन सरळ तिच्यावर गेली. सायकल पडली, ती पडली, दूध मातीत गेलं. आप्पा नुकतेच कामावरून येऊन पाय धूत होते. ते तसेच ओल्या पायांनी गेले आणि त्यांनी तिच्या कानाखाली वाजवली.

"एवढी सायकल उभी हाय, दिसंना तुला?"

"मी बघतच हुतो की आप्पा."

आमच्याकडं मुलीबाया स्वतःबद्दल 'मी बघतो, मी जातो' असंच बोलतात.

"कुठं बघत हुतीस?"

"म्होरं," ती म्हणाली.

ते खरं होतं, हे कळायला आम्हाला पुढं दीड वर्ष लागलं.

त्याच महिन्यात कॉलेजात मानसशास्त्राच्या तासाला आम्हाला 'अवधान' हा धडा शिकवला. अवधान म्हणजे मनानं एका गोष्टीवर स्थिर होणं. डोळा स्थिर झाला की मन स्थिर होतं. आणि ते सरावानं वाढवता येतं. आमचे सर फार चांगलं शिकवायचे. एका नजरेत किती ठिपके टिपता येतात ते मोजायचा प्रयोग त्यांनी आमच्यावर करून दाखवला. मी त्या दिवशी सायकल मारत घरी आलो ते मनात सगळं ठरवूनच. आपली पोर वाया चालली आहे आणि औषध आपल्या हातात आहे, असं मला वाटलं. त्या वयात असं वाटण्यासारखं सुख नाही.

आतल्या खोलीच्या चुन्याच्या भिंतीवर मी ऑइलपेंटनं रुपयाएवढा काळा ठिपका काढला. धाकटीला समोर पोत्यावर बसवलं. पापणी न हलवता ठिपक्याकडं बघायचं, डोळ्यांतनं पाणी आलं तरी बघायचं. पहिल्याच दिवशी ती पाच मिनिटं बसली. पंधरा दिवसांत पंधरा मिनिटं. मी स्वतः करून बघितलं तर दोन मिनिटांत माझी नजर खिडकीकडं जायची, दारातनं कोण आलं तिकडं जायची. तिची कधी जायची नाही. आई मधनं भांडी घेऊन गेली तरी हिचं बुबुळ हलायचं नाही. मी थक्क झालो. आप्पांना बोलावून दाखवलं. आप्पा दारात उभं राहून बघत राहिले आणि म्हणाले, "मन लागाय लागलंय म्हणायचं पोरीचं."

दुसरा अभ्यास वर्तमानपत्राचा. एका बातमीतली सगळी 'क' अक्षरं खोडायची. हेही तिला छान जमायचं. सावकाश करायची, पण एक अक्षर सुटायचं नाही.

तिसरा अभ्यास परातीचा. परातीत बारा वस्तू मांडायच्या, अर्धा मिनिट दाखवायच्या, वर फडकं टाकायचं आणि काय काय होतं ते सांगायचं. इथं मात्र तिची गाडी अडायची. बारापैकी सात, फार तर आठ. मी वहीत तारीख घालून लिहायचो: आज सुटलेल्या वस्तू: कंगवा, सुईचं पाकीट, शेंगदाणा, किल्ली. दुसऱ्या दिवशी वस्तू बदलायचो. महिनाभरानं वही चाळताना माझ्या ध्यानात आलं की मधल्या वस्तू तिच्या कधीच सुटत नाहीत, सुटतात त्या परातीच्या काठाच्या. मी खाली लिहिलं, 'मुलगी आळशी आहे. मधोमध बघते आणि कडेला बघण्याचे कष्ट घेत नाही.'

हे वाक्य माझ्या हस्ताक्षरात अजून आहे.

दुसऱ्या वर्षी कॉलेजात प्रकल्प लिहायचा होता. मी धाकटीवरच लिहिला. ठिपक्याची मिनिटं, खोडलेली अक्षरं, परातीतल्या वस्तू, सगळं कोष्टकात मांडलं. सरांनी तो वर्गात वाचून दाखवायला लावला. वाचून झाल्यावर म्हणाले, "घरातलं मूल घेऊन इतकं चिकाटीनं काम केलेलं मी पाहिलं नाही." पोरांनी टाळ्या वाजवल्या. परातीचा आकडा का वाढत नाही, हे मला कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

त्या साली धाकटी सातवीत होती आणि स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसली होती. केंद्र कोल्हापुरात होतं. मीच तिला सायकलवर डबलसीट घेऊन गेलो. जुन्या इमारतीतली अंधारी खोली, तिला कोपऱ्यातला बाक. पेपर सुटल्यावर ती हसत बाहेर आली. "सोपा हुता दादा," म्हणाली.

घरी येऊन मी तिची प्रश्नपत्रिका बघितली. उत्तरांवर तिनं पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. पहिली पानं बरोबर होती. शेवटची तीन पानं दोन रकान्यांत छापलेली होती, तिथं मात्र डाव्या रकान्यातल्या प्रश्नांवर खुणा आणि उजवा रकाना कोरा. तिन्ही पानांवर तसंच.

"हे का सोडलंस?"

तिनं पान हातात घेतलं, डोळ्यांजवळ आणलं, मान वळवून बघितलं. तिचा चेहरा उतरला.

"हे न्हवतं दादा."

"न्हवतं म्हणजे?"

"तिथं काय न्हवतंच. मी बघितलं हुतं."

मला चूक सहन झाली असती. हे खोटं मला सहन झालं नाही. मी फूटपट्टी घेतली. हात पुढं कर म्हणालो. तिनं केला. किती मारल्या ते मी मोजलं नाही. ती रडत नव्हती, नुसती म्हणत होती, "न्हवतंच की. खरंच न्हवतं." आई चुलीपुढनं उठून आली आणि फूटपट्टी धरून म्हणाली, "बास कर. मास्तर झालास म्हणून जीव घेतोस काय तिचा?" मी पट्टी टाकली आणि धाकटीला ठिपक्यापुढं तासभर बसवलं. ती बसली. ते तिला जमत होतं.

एप्रिलात शेजारच्यांनी घरामागं संडासाचा खड्डा काढायला घेतला. पुरुषभर खोल झाला होता. कडेला मातीचा ढीग, चारी बाजूंना दगड लावलेले. गल्लीतली लहान पोरं त्याच्याभोवती खेळायची. दिवस मावळताना आईनं धाकटीला शेजारनं विरजण आणायला पाठवलं आणि ती त्या खड्ड्यात गेली. अजून उजेड होता. मी दारात पुस्तक वाचत होतो, मला अक्षरं दिसत होती. हाक ऐकून पळालो. ती खाली एका कुशीवर पडली होती, डावा पाय मांडीपासून भलतीकडंच वळलेला, आणि हातातली वाटी तिनं सोडली नव्हती.

सरकारी दवाखान्यात पाय ओढून वजन लावलं. तिसऱ्या दिवशी राउंडला एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. शिकाऊच असाव्यात, त्यांच्यामागं कुणी नव्हतं. धाकटीला विचारलं, "पडलीस कशी गं?"

आई मधेच बोलली, "लक्ष नसतंय बाई तिचं. धा येळा सांगितलं तरी न्हाय."

"मी तिला विचारतेय. कशी पडलीस?"

"खड्डा न्हवता," धाकटी म्हणाली. "मग एकदम झाला."

बाईंनी खिशातलं पेन काढलं. तिला म्हणाल्या, "माझ्या नाकाकडं बघ. नजर हलवायची नाही. पेन दिसलं की सांग." आणि पेन तिच्या कानाच्या बाजूनं हळूहळू पुढं आणायला लागल्या. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. पेन कानापाशी होतं, गालापाशी आलं, डोळ्याच्या कोपऱ्याशी आलं. धाकटी काही बोलेना. ती बाईंच्या नाकाकडं एकटक बघत होती, जसं मी शिकवलं होतं तसं. पेन जवळजवळ नाकासमोर आल्यावर ती म्हणाली, "दिसलं."

दुसऱ्या बाजूनंही तसंच. बाईंनी पेन खिशात ठेवलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

पाय प्लास्टरमध्ये असतानाच तिला डोळ्यांच्या विभागात नेलं. थेंब घातले, अंधाऱ्या खोलीत बसवलं. नंतर तिथल्या वयस्क डॉक्टरांनी मला आणि आप्पांना आत बोलावून एक कागद दाखवला. कागदावर मोठं वर्तुळ, सगळं काळं केलेलं, आणि मधोमध लिंबाएवढा पांढरा भाग. "तिला एवढंच दिसतं," ते म्हणाले. "नळीतून बघितल्यासारखं. अंधार पडला की तेही नाही. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, जन्मापासूनचा. हळूहळू वाढत जातो. ह्याला औषध नाही."

"चष्म्यानं?" आप्पांनी विचारलं.

"नाही. तुमचं लग्न नात्यात झालंय का?"

आप्पांनी मान खाली घातली. "मामाचीच केली मी," ते म्हणाले.

डॉक्टरांनी मान डोलवली आणि लिहून घेतलं. आप्पा नंतर जिन्यात बसले. पंधरा-वीस मिनिटं ते तिथंच बसून होते. येणारीजाणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. मी वर उभा होतो. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं: कंगवा, सुईचं पाकीट, शेंगदाणा, किल्ली. महिन्यामागून महिने मी तिचा आजार तारखांसकट लिहून ठेवला होता आणि त्यावर टाळ्या घेतल्या होत्या.

घरी आल्यावर मी चाकू घेऊन ठिपका खरवडायला बसलो. ऑइलपेंट निघेना, चुन्याचा पापुद्राच निघाला. धाकटी पाय लांब करून अंथरुणावर पडली होती. म्हणाली, "कशाला काढतोस? बरा हुता की. तेवढंच एक माझं बरोबर यायचं."

मी चाकू खाली ठेवून बाहेर गेलो.

डॉक्टरांनी निघताना एक सांगितलं होतं: जे दिसत नाही तिकडं नजर न्यायची सवय लावा. म्हणजे मी दीड वर्ष जे शिकवलं त्याच्या उलट. नजर थांबवायची नाही, फिरवायची. दारातनं आत आलं की आधी डावीकडची भिंत, मग खालची जमीन, मग उजवीकडची भिंत, मगच पाऊल. पानाच्या दोन्ही कडांना मी लाल पेन्सिलीनं उभी रेघ मारून द्यायचो. लाल रेघ दिसल्याशिवाय ओळ संपली म्हणायचं नाही. परात पुन्हा काढली, पण ह्या वेळी वेळेचं बंधन नाही. परातीच्या काठावरनं नजर गोल फिरवत मधे यायचं. पहिल्या दिवशी तिनं बाराच्या बारा सांगितल्या आणि माझ्याकडं बघितलं. मी 'शाब्बास' म्हणालो नाही. मला म्हणवलं नाही.

ती दहावी झाली, बारावी झाली. लिहायला जास्त वेळ मिळावा म्हणून अर्ज केला होता, तो मंजूर होऊन आला तेव्हा परीक्षा संपली होती. कोल्हापुरात बी.ए.ला गेली. आप्पा रोज सकाळी तिला स्टॉपपर्यंत सोडायला जायचे आणि नेहमी तिच्या डाव्या अंगानं चालायचे. डावा डोळा जास्त गेला होता. हात धरायचे नाहीत, बोलायचे नाहीत. समोरनं काही आलं की नुसतं खाकरायचे. तेवढ्यावर ती थांबायची. हे दोघांनी कधी ठरवलं ते आम्हाला माहीत नाही. ती तिसऱ्या वर्षाला असताना आप्पा कामावरच छातीत कळ येऊन गेले. त्या थपडेबद्दल ते तिच्याशी शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. पण फौंड्रीतनं घरी आल्यावर ते उंबऱ्यातली प्रत्येक वस्तू, चप्पलसुद्धा, उचलून बाजूला ठेवायचे, हे मी वर्षानुवर्षं बघितलं.

मग कागलचं एक स्थळ आलं. चांगली माणसं होती, मुलगा नोकरीला. आई म्हणाली, आत्ताच काही बोलायचं नाही, आधी पसंती होऊ दे. धाकटी चहाचा ट्रे घेऊन आली. समोरच्यांना दिला, कडेला बसलेल्या मुलाच्या काकांनी हात पुढं केला होता, तो तिला दिसला नाही. ती त्यांच्यासमोरनं तशीच पुढं गेली. काकांचा हात तसाच राहिला. कुणीतरी हसलं. धाकटी थांबली, मान वळवून हात शोधला, कप दिला आणि तिथंच उभी राहून म्हणाली, "मला मधलं तेवढंच दिसतंय, पावणं. कडंचं न्हाय दिसत. आन् म्होरं तेबी जाणार हाय."

पाहुण्यांनी चहा संपवला, पोहे संपवले, उसाच्या पाण्याबद्दल थोडं बोलले आणि उठले. पुन्हा काही निरोप आला नाही. आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या डोक्याला तेल लावताना मात्र आई एवढंच म्हणाली, "बरं केलंस."

अपंगत्वाचा दाखला असलेल्यांना तेव्हा टेलिफोनचं बूथ मिळायचं. धाकटीला हायवेच्या बाजूला एक मिळालं. पिवळी पेटी, एक स्टूल, भिंतीवर नंबरांचे कागद. नंबर ती ऐकूनच लक्षात ठेवायची. शे-दीडशे गिऱ्हाइकांचे नंबर तिला पाठ होते. दोनेक वर्षं चाललं. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला आणि दिवसदिवस कुणी फिरकेना. एक दिवस तिनं शटर ओढलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

त्या सुमारास मी तिच्यासमोर ती प्रकल्पाची वही काढली. मी तोवर कोडोलीकडच्या एका शाळेत मास्तर होतो, दोन मुलांचा बाप होतो, आणि तरी मला ते तिला सांगायला दहा वर्षं लागली. तिला आता छापील अक्षर लागत नव्हतं. "वाच," म्हणाली. मी वाचलं, कोष्टकांसकट. 'मुलगी आळशी आहे' हेही वाचलं.

मी म्हणालो, "तू खरं सांगत होतीस आणि मी मारलं."

"मलाबी ठावं न्हवतं दादा," ती म्हणाली. "मला वाटायचं सगळ्यांना एवढंच दिसतंय, आन् तुमी सगळी माझ्यापेक्षा जास्त कष्ट घेता." मग म्हणाली, "पट्टीचं मात्र माझ्या ध्यानात हाय. न्हाय असं न्हाय."

मी वही मिटली. तिनंही पुढं विषय वाढवला नाही. वर्गात एखादं पोर धडपडलं की मी आजही पटकन ओरडतो, "लक्ष कुठं आहे?" सवय गेलेली नाही. फक्त नंतर मधल्या सुट्टीत त्याला बोलावतो, समोर उभं करतो आणि माझं पेन त्याच्या कानाच्या बाजूनं पुढं आणतो. बहुतेक पोरांना ते लगेच दिसतं. ती हसून पळून जातात.

दोन हजार आठची दिवाळी झाल्यानंतरची गोष्ट. मी रविवारी घरी गेलो होतो. आई अंगणात चुलीपुढं बसली होती, धाकटी तिच्यासमोर हातभर अंतरावर शेंगा फोडत होती. ऊन चांगलं होतं. धाकटी फोडता फोडता थांबली आणि बराच वेळ आईकडं तोंड करून बसली. मग सहज विचारावं तसं म्हणाली, "आई, तू हसतीस का रडतीस गं? आता कळंना झालंय."

आईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज तिनं जराही हलू दिला नाही.

"हसतबी न्हाय आन् रडतबी न्हाय," ती म्हणाली. "भाकरी थापतोय."